पोटावरून घाम मोजणाऱ्यांना

२ मार्च २०२५ रोजी क्रिकेटच्या दोन बातम्या आल्या. नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर विदर्भाने केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राखला आणि पहिल्या डावातल्या आघाडीवर तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला. त्याच दिवशी दुबईत न्यूझीलंडविरुद्ध रोहित शर्मा १५ धावांवर बाद झाला, आणि काँग्रेसच्या प्रवक्त्या शमा मोहम्मद यांनी समाजमाध्यमावर लिहिलं की, हा माणूस खेळाडूच्या मानाने जाड आहे, त्याने वजन उतरवायला हवं. बुलढाण्याच्या वाचकाला पहिली बातमी जास्त जवळची वाटायला हवी. गाजली मात्र दुसरी. पक्षाने हात झटकले, मजकूर काढला गेला, आणि आठवड्याभरात, ९ मार्चला, त्याच दुबईत रोहितने अंतिम सामन्यात ८३ चेंडूंत ७६ धावा करून चॅम्पियन्स करंडक आणला. त्याच्या चाहत्यांनी तेवढ्यावर वाद मिटल्याचं जाहीर केलं. मला ते उत्तर पुरेसं वाटत नाही. करंडक जिंकला म्हणून कर्णधाराची तब्येत उत्तम ठरत नाही, जसा तो हरला असता तर ती वाईट ठरली नसती. आरोप खोडायचा तर त्याच्या मुळाशी जाऊन खोडावा लागेल, आणि मुळाशी वजनाचा मुद्दा नाहीच. रोहित अंगचोर आहे, देवाने दिलेल्या देणगीवर जगतो, घाम गाळत नाही, असं टीकाकारांना म्हणायचं असतं. पोट हा त्यांच्या लेखी त्याचा पुरावा. मी वाद घालतोय तो या पुराव्याशी.

आधी हे पाहू की शरीराच्या आकारावरून खेळाडूच्या क्षमतेचा अंदाज कितपत येतो. याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण क्रिकेटमध्ये सापडत नाही, अमेरिकी फुटबॉलमध्ये सापडतं. तिथे क्वार्टरबॅक नावाची जागा असते. चेंडू हातात घेऊन, समोरून धडका मारायला येणाऱ्यांच्या गर्दीत, दोन-तीन सेकंदांत तो कुणाकडे फेकायचा हे ठरवणारा हा गडी. आपल्याकडचा कर्णधार आणि सलामीचा फलंदाज एकाच अंगात असावा तसा. टॉम ब्रेडी हा पोरगा २००० साली निवड-चाचणीला आला. तिथे त्याचा उघड्या अंगाचा फोटो काढला, तो आजही चेष्टेने दाखवला जातो: ओघळलेले खांदे, ना छाती ना दंड. ४० यार्ड पळायला त्याला ५.२८ सेकंद लागले, म्हणजे त्या खेळाच्या हिशेबाने रखडतच. त्या वर्षी संघांनी खेळाडू निवडले, त्यात त्याचा क्रमांक १९९ वा. पुढे त्याने सात सुपर बोल जिंकले, सातवा त्रेचाळिसाव्या वर्षी, आणि निवृत्त झाला तेव्हा तो ४५ वर्षांचा होता. अर्थात ब्रेडीच्या नावाने ‘फिटनेसला काय जाळायचंय’ असं म्हणणाऱ्यांनीही जपून राहावं, कारण खाण्याझोपण्याच्या शिस्तीत त्याच्याइतका कडक खेळाडू क्वचितच झाला असेल. मुद्दा एवढाच की त्या फोटोत त्याचं कसबही दिसत नव्हतं आणि त्याची शिस्तही दिसत नव्हती. तरी फोटो पाहून दोन्हींवर मत देणारे जाणकार कमी नव्हते.

आपल्या जिल्ह्याला तर हे सांगायलाही नको. बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत कंपाउंड धनुर्विद्येतल्या जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या माइक श्लोसरला १४९-१४८ असं हरवून सुवर्ण घेतलं. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अभिषेक वर्मा आणि नागपूरच्या ओजस देवतळेसोबत सांघिक सुवर्णही घेतलं. धनुर्धर स्थिर उभा असतो. पळत नाही, उडी मारत नाही. पन्नास मीटरवरच्या लक्ष्याकडे पंधरा बाण सोडतो आणि सामना संपतो. पण या धनुष्याचा ताण नियमाने ६० पौंडांपर्यंत असू शकतो, पात्रता फेरीत तो ७२ वेळा ओढावा लागतो, आणि बहात्तराव्या वेळीही खांदा आणि पाठ पहिल्या वेळेइतकीच निश्चल लागते. ती मेहनत प्रेक्षकाला कुठे दिसते? १५० पैकी १४९ या आकड्यात. धनुर्धराच्या कमरेकडे पाहून तो सरावाला दांडी मारतो की नाही हे कुणी ठरवत नाही. फलंदाजाचं मात्र आपण खुशाल ठरवतो, कारण क्रिकेट सगळ्यांना कळतं अशी आपली समजूत.

आता रोहितकडे. नागपूरच्या बनसोडचा जन्म, ३० एप्रिल १९८७, वाढला बोरिवलीत. वनडेत पदार्पण जून २००७ मध्ये. पहिली साडेपाच वर्षं तो मधल्या फळीत आत-बाहेर होत राहिला आणि ‘गुणी पण बेफिकीर’ हा शिक्का त्याच काळात बसला. जानेवारी २०१३ पासून तो सलामीला जाऊ लागला. त्याच वर्षी बंगळुरूत २०९, पुढच्या वर्षी ईडन गार्डन्सवर २६४, २०१७ मध्ये मोहालीत नाबाद २०८. वनडेत एकाच माणसाची तीन द्विशतकं. दुसऱ्या कुणाला दोनही जमलेली नाहीत. द्विशतकाचं गणित जरा मांडून पाहा. २६४ धावांत ३३ चौकार आणि ९ षटकार, म्हणजे १८६ धावा फटक्यांच्या. उरलेल्या ७८ त्याने पळून काढल्या, आणि समोरच्याच्या धावांसाठी पळाला ते वेगळंच. १७३ चेंडू खेळून तो डावाच्या शेवटच्या चेंडूवर बाद झाला, म्हणजे पन्नासही षटकं मैदानावर होता. चौकार-षटकारांना मेहनत लागत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी १४० किलोमीटर वेगाच्या उसळत्या चेंडूवरचा पुल कसा मारला जातो ते आठवावं. चेंडू पोहोचायला अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ असतो. तेवढ्यात लांबी ओळखायची, अंगाचा भार मागच्या पायावर न्यायचा, डोकं न हलवता कमरेतून वळायचं. मांडी, कंबर आणि पोटाच्या आतले स्नायू यांचं हे काम आहे. मधमाशीच्या पोळ्यासारखं पोट दिसत नाही, म्हणून आत स्नायूच नाहीत हा निष्कर्ष शरीरशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात बसणार नाही.

इथे मला रोहितच्या टीकाकारांपेक्षा त्याच्या भक्तांशी जास्त भांडायचं आहे. ‘त्याला गरज काय जिमची, टायमिंग उपजत आहे’ असं ते कौतुकाने म्हणतात आणि नकळत टीकाकारांचंच बोलतात. फटका सहज दिसला की तो सहज आला, असं दोघंही धरून चालतात. मग ऑक्टोबर २०१९ चं काय करायचं? बत्तिसाव्या वर्षी, कसोटीत मधल्या फळीत जागा टिकत नाही म्हणून, तो पहिल्यांदा कसोटीत सलामीला गेला. विशाखापट्टणमला १७६ आणि १२७, रांचीला २१२. दोन वर्षांनी इंग्लंडमध्ये, जिथे नवा चेंडू बाहेर जातो आणि उपजत हात त्याच्या मागे धावतात, तिथे हा ‘उपजत’ माणूस तासन्‌तास चेंडू सोडत राहिला. लॉर्ड्सवर ८३, ओव्हलवर १२७. चेंडू सोडणं ही देणगी नसते. हात आवरायला शिकावं लागतं, आणि ज्याचे हात आयुष्यभर फटक्याकडे धावले त्याला ते जास्तच शिकावं लागतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्याच जामठ्यावर, फिरकीला साथ देणाऱ्या खेळपट्टीवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध १२०. आणि त्याच वर्षीच्या विश्वचषकात पुन्हा उलटा बदल: आयुष्यभर सावकाश सुरुवात करणारा कर्णधार पहिल्या षटकापासून तुटून पडू लागला आणि शतकांवर पाणी सोडून ५९७ धावा करून गेला. पस्तिशीनंतर आपला खेळ असा मोडून पुन्हा बांधणारा माणूस आळशी असेल, तर कष्टाळू कुणाला म्हणायचं हे तरी सांगा.

विदर्भाच्या रसिकाला असा म्हातारा फलंदाज ओळखीचा आहे. वसीम जाफर मुंबई सोडून विदर्भाकडे आला. मार्च २०१८ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, नागपूरला इराणी करंडकात शेष भारताविरुद्ध २८६ धावा केल्या, आणि पुढच्या रणजी मोसमात हजारावर. त्याहीआधी नागपूरचे सी. के. नायडू साठी ओलांडून रणजी खेळले होते. वाढत्या वयात फलंदाज टिकतो तो शंभर मीटरच्या वेगावर टिकत नाही. पायांची जुळवाजुळव, नजर, रोजचा सराव आणि दुखणी सांभाळायची अक्कल, यांच्यावर टिकतो.

पण दुखण्यांचा विषय निघालाच आहे तर टीकाकारांच्या हातात एक खरा मुद्दा आहे, तो झाकू नये. ऑक्टोबर २०१६ मध्ये मांडीचा स्नायू, त्यावर लंडनला शस्त्रक्रिया. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यूझीलंडात पोटरी. त्याच वर्षी आयपीएलमध्ये मांडीच्या मागचा स्नायू, म्हणून ऑस्ट्रेलियातले एकदिवसीय सामने हुकले. डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा तोच, म्हणून दक्षिण आफ्रिकेतली कसोटी मालिका हुकली. एकाच भागाची दुखणी पुन्हा पुन्हा येतात तेव्हा तयारीबद्दल प्रश्न विचारणं रास्त आहे. तो जरूर विचारावा. फक्त विचारताना दुसरी नोंदही वाचावी. डिसेंबर २०२२ मध्ये मीरपूरला अंगठा निखळल्यावर हाच माणूस नवव्या क्रमांकावर फलंदाजीला आला आणि त्याने २८ चेंडूंत नाबाद ५१ धावा केल्या. सामना पाच धावांनी हुकला. सोसण्याची तयारी आणि स्नायूंची तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीबद्दल शंका घ्यायला जागा नाही. दुसरीबद्दल आहे.

हरकत घेणारे यापुढे म्हणतात: मग ऑस्ट्रेलियात काय झालं? २०२४-२५ च्या त्या दौऱ्यात तीन कसोटींत पाच डाव, ३१ धावा. सिडनीत त्याने स्वतःलाच वगळलं, आणि ७ मे २०२५ ला कसोटीतून निवृत्ती. हे अपयश सरळसरळ अपयश आहे, त्याला रंग द्यायचं कारण नाही. पण ते कशाचं? तीन धावांवर बाद होणारा माणूस दमून बाद होत नाही. दमायला आधी टिकावं लागतं. ॲडलेड आणि ब्रिस्बेनला तो सहाव्या क्रमांकावर गेला होता, ऑफ स्टंपच्या आसपासच्या चेंडूवर पाय पुढे येत नव्हता, नजर उशिरा पडत होती. नजर उशिरा पडणं वयाचं असू शकतं, तंत्राचं असू शकतं, मनाचंही. दहा किलो कमी असते तर पाय पुढे आला असता, हे सिद्ध करायचं काम म्हणणाऱ्याचं आहे, आणि त्याने ते अजून केलेलं नाही.

उलट जो प्रयोग प्रत्यक्ष झाला त्याचे निकाल टीकाकार आपल्या बाजूने वाचतात. २०२५ च्या उन्हाळ्यानंतर मुंबईचा जुना सहकारी अभिषेक नायरच्या देखरेखीखाली रोहितने सुमारे दहा किलो वजन उतरवलं. वनडेचं कर्णधारपद शुभमन गिलकडे गेलं होतं. ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलियात तो पर्थला ८, ॲडलेडला ७३ आणि सिडनीला नाबाद १२१ अशा २०२ धावा करून मालिकावीर ठरला, आणि २९ ऑक्टोबरला, अडतिसाव्या वर्षी, कारकीर्दीत प्रथमच वनडे फलंदाजांत जगात पहिला. लगेच आवाज उठला: बघा, आम्ही सांगत होतो. थांबा जरा. पहिलं म्हणजे, तीन द्विशतकं, २०१९ च्या विश्वचषकातली पाच शतकं आणि दुबईतली ७६ धावांची खेळी ही सगळी त्या जुन्या शरीराची कमाई आहे. दुसरं, त्याच मालिकेत भारतीय संघात ज्याच्या फिटनेसच्या शपथा घेतल्या जातात तो विराट कोहली पहिल्या दोन सामन्यांत शून्यावर बाद झाला, आणि तिसऱ्यात त्याने रोहितसोबत १६८ धावांची अभंग भागी केली. फिटनेस धावा करून देत नाही. धावा करायला उभं राहण्याची संधी देतो, एवढंच. आणि तिसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: रोहितने त्या वेळी सांगितलं की, खेळायला लागल्यापासून एखाद्या मालिकेच्या तयारीला चार-पाच महिने त्याला प्रथमच मिळाले. १ जूनला मुंबई इंडियन्सचं आयपीएल संपलं, पुढचा आंतरराष्ट्रीय सामना १९ ऑक्टोबरला. टी-२० आधीच सोडलेलं, कसोटी सोडलेली, ऑगस्टचा बांगलादेश दौरा पुढे ढकललेला. ज्याला वर्षानुवर्षं तिन्ही प्रकार, वर आयपीएल, वर कर्णधारपद असं जुंपून ठेवलं, त्याला पहिली मोकळी फट मिळताच त्याने ती मेहनतीत घातली. आळशी माणूस मोकळ्या वेळात काय करतो हे आपल्याला माहीत आहे.

कोहलीने मात्र ते खेळता खेळताच केलं, हे मान्य. तो अपवाद आहे आणि त्याचं श्रेय त्याला द्यावं. अपवादाला नियम करून बाकीच्यांना त्यात कोंबायला लागलं की काय होतं ते सर्फराज खानला विचारा. त्याच्या अंगाकडे बोट दाखवणाऱ्यांना २०२३ मध्येच सुनील गावस्करांनी सुनावलं होतं की सडपातळच माणसं हवी असतील तर फॅशन शोमधून मॉडेल निवडा. सर्फराजने पहिल्याच कसोटीत दोन अर्धशतकं केली, बंगळुरूत न्यूझीलंडविरुद्ध १५०, आणि २०२५ मध्ये तब्बल १७ किलो घटवल्याची बातमी आली. इंग्लंड दौऱ्याच्या कसोटी संघात तो नव्हताच. त्याला का घेतलं नाही याची निवड समितीची कारणं वेगळी असतील. पण ‘वजन उतरव, जागा मिळेल’ असा गावभर दिला जाणारा सल्ला किती पोकळ आहे एवढं त्यातून कळतं.

या सगळ्याला सर्वांत वजनदार हरकत मुंबई-दिल्लीच्या स्टुडिओतून येत नाही. ती येते चिखली, मेहकर, मलकापूरच्या रस्त्यांवर पहाटे पळणाऱ्या पोरांकडून. पोलीस भरतीत १६०० मीटरला २० गुण, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. काही सेकंद जास्त लागले की गुण जातो, गुण गेला की यादीतून नाव जातं, आणि वर्ष वाया जातं. अशा पोराने विचारलं की आमच्या शिपायाला घड्याळ आणि देशाच्या कर्णधाराला सवलत कशी, तर त्याला ‘तुला क्रिकेट कळत नाही’ असं म्हणता येणार नाही. त्याचा प्रश्न न्यायाचा आहे. पण त्याच्या मैदानावरची पद्धत नीट पाहिली तर उत्तर तिथेच सापडतं. भरतीत उंची-छातीसुद्धा मोजतात, पण ते आकडे जाहिरातीत आधी छापलेले असतात आणि सगळ्यांना सारखे असतात. टेप लागतो, घड्याळ लागतं. ‘हा जरा सुस्त दिसतो’ म्हणून कुणाचा गुण कापला तर तोच पोरगा उद्या न्यायालयात जाईल, आणि जिंकेल. गुरांच्या बाजारात जाणता शेतकरीही बैलाच्या रंगवलेल्या शिंगांवर जात नाही, दात पाहतो आणि चालवून पाहतो. रोहितला सवलत द्या असं मी म्हणत नाही. त्यालाही मोजा, पण मोजाच.

आणि मोजमाप आहेच की. २०१७ पासून भारतीय संघात यो-यो चाचणी आली. जेन्स बँग्सबो या डॅनिश शास्त्रज्ञाने फुटबॉलसाठी बनवलेली, वीस मीटरच्या जा-ये फेऱ्या, प्रत्येक फेरीनंतर दहा सेकंदांची उसंत, वेग वाढत जाणारा. जून २०१८ मध्ये त्यात शमी, रायुडू, संजू सॅमसन नापास झाले आणि त्यांना संघाबाहेर बसावं लागलं. रोहित उत्तीर्ण झाला. २०२५ मध्ये रग्बीतली ब्रोंको आली: वीस, चाळीस, साठ मीटरच्या जा-ये धावा, अशा पाच फेऱ्या, एकूण १२०० मीटर. या चाचण्या क्रिकेटसाठी कितपत योग्य आहेत यावर वाद होऊ शकतो, व्हावाही. शमी नापास झाला त्याच उन्हाळ्यात पुढे इंग्लंडमध्ये त्याने कसोटी मालिकेत १६ बळी घेतले. पण त्यांचा एक गुण निर्विवाद आहे: त्या कुणाचा चेहरा पाहत नाहीत. माझी तक्रार आहे ती क्रिकेट मंडळाशी, की हे आकडे कपाटात राहतात. भरतीच्या पोराचे गुण नावासकट यादीत लागतात. कोट्यवधींचा करार असलेल्या खेळाडूंचे कुणालाच दिसत नाहीत. आकडे नसतात तेव्हा लोक फोटो पाहतात, आणि मग विमानतळावरच्या एका सैल टी-शर्टावरून अठरा वर्षांच्या कारकीर्दीचा निकाल लावतात.

पुढचा वनडे विश्वचषक ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२७ मध्ये दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे आणि नामिबियात आहे. तोवर रोहित ४० वर्षांचा झालेला असेल. त्याला न्यावं की नाही हा प्रश्न खुला आहे, आणि ‘नाही’ हे उत्तरही सन्मानाचं असू शकतं. सर्कलमध्ये तो किती धावा वाचवतो, एकाच्या दोन करताना समोरचा जोडीदार अडकतो का, स्थानिक सामने किती खेळतो, वेगवान चेंडूवर मागचा पाय वेळेत जातो का, हे निवड समितीने दर मालिकेला लिहून ठेवावं आणि चाचणीच्या आकड्यांसह लोकांपुढे मांडावं. त्यात तो कमी पडला तर त्याच दिवशी वगळावं, त्याचं नाव कितीही मोठं असो.